घरातला माणूस पोलिसांनी उचलून नेला, तर पहिल्या चोवीस तासांत काय करायचं

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. फौजदारी कामं जास्त, आणि त्यातली बरीचशी गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीकडून आलेली. माझ्याकडे येणारी माणसं मानवी हक्कांबद्दल विचारायला येत नाहीत. ती म्हणतात, "ताई, पहाटे पोराला उचललं, अजून कुठं ठेवलाय कळंना." मानवी हक्कांचा कायदा आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतो तो याच जागी, आणि हातातून सुटतोही इथेच. सहा महिन्यांनी कोर्टात किंवा मानवी हक्क आयोगापुढे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न असतो की किती वाजता काय घडलं. पोलिसांकडे स्टेशन डायरी असते, अटक फॉर्म असतो, त्यावर त्यांनी टाकलेली वेळ असते. तुमची वेळ कुठेच लिहिलेली नसेल, तर न्यायाधीशांपुढे एकच वेळ उरते. म्हणून मी कलमं सांगेन, निकालही सांगेन, पण खरं काम आहे ते पहिल्या दिवशीच आपल्या बाजूचे, वेळ लिहिलेले कागद तयार करण्याचं.

आणि हे फक्त निर्दोष माणसासाठी आहे असं समजू नका. घरातल्याने काही केलं असेल, तरी त्याला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच पाहिजे, मारता येत नाही, वकिलाला भेटू दिलंच पाहिजे. "त्याने केलंय खरं, मग कोणत्या तोंडाने बोलायचं" असं म्हणून गप्प बसलेली घरं मी पाहिली आहेत. गुन्हा शाबीत होणं न होणं कोर्टाचं काम आहे. कोठडीतली वागणूक हा वेगळा प्रश्न आहे.

घरातून निघण्याआधी

पोलीस गेले की आधी घड्याळ बघा आणि लिहा. वहीच्या पानावर, कॅलेंडरच्या मागे, कशावरही. किती वाजता आले, किती जण होते, गणवेशात होते की साध्या कपड्यांत, छातीवर नावाची पट्टी होती का, गाडी कोणती, नंबर दिसला का, काय म्हणाले, शेजारच्या कोणी पाहिलं. अंगावर कपडे कोणते होते तेही. खाली सही आणि वेळ. त्याचा फोटो काढून दोन नातेवाइकांना पाठवा, म्हणजे पाठवल्याची वेळ त्यांच्या फोनवर राहते.

मग ११२ ला फोन करा. "माझ्या माणसाला काही लोक घेऊन गेलेत, पोलीस आहेत म्हणाले, कुठल्या ठाण्याला नेलं ते सांगा." उत्तर मिळेल न मिळेल, पण फोन केल्याची नोंद राहते. तालुक्याचं ठाणं आणि जिल्ह्याची एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, या वेगवेगळ्या जागा आहेत. बरेचदा माणूस एलसीबीकडे असतो आणि घरचे दिवसभर ठाण्याच्या दारात बसलेले असतात.

याचा उपयोग कसा होतो ते एका प्रकरणातून सांगते. पारधी वस्तीवरचा एक तरुण पहाटे नेला. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता, तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. वस्तीवर मात्र चोरी कुठेही झाली तरी पहिली जीप आजही येते. त्याची बायको शिकलेली नाही, पण तिने दिराकडून लगेच ११२ ला फोन लावला होता आणि ठाण्याला येतानाचं एसटीचं तिकीट पदराच्या गाठीत ठेवलं होतं. अटक फॉर्मवर वेळ होती संध्याकाळी सातची. फोनची नोंद सकाळी सहाच्या आसपासची, तिकिटावर छापलेली वेळ साडेआठनंतरची. नवऱ्याला नेलंच नव्हतं, तर ही बाई सकाळी ११२ ला फोन कशासाठी करेल? मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तपासी अंमलदाराला हाच प्रश्न केला. पोलीस कोठडी नाकारली गेली आणि पुढे जामिनाच्या अर्जातही त्या दोन कागदांनी काम केलं.

"अटक नाही, चौकशीला आणलंय"

हे वाक्य तुम्हाला ठाण्यात हमखास ऐकायला मिळेल. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभं राहून त्या बाईने शांतपणे विचारलं होतं, "मग सायब, घरी सोडा की त्यास्नी." यावर उत्तर नसतं, कारण कायद्यात अधलीमधली अवस्था नाही. माणूस उठून घरी जाऊ शकत नसेल, तर तो अटकेत आहे. कागदावर अटक कधी दाखवली याला महत्त्व नाही, माणसाची हालचाल कधी रोखली याला आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलंय. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईडीच्या एका प्रकरणात चोवीस तास प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून मोजले आणि जामीन कायम ठेवला.

खरोखर नुसती चौकशी करायची असेल, तर त्याची रीत ठरलेली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३५(३) खाली लेखी नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं असतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं होतं, आणि ते आजही लागू आहे. अशी नोटीस आली तर टाळू नका. ठरल्या दिवशी जा, हजर राहिल्याचं लेखी मागा. नोटीस फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी तशी आली, तर दुर्लक्ष करण्यापेक्षा "प्रत्यक्ष नोटीस द्यावी, मी हजर राहायला तयार आहे" असं लेखी उत्तर देणं शहाणपणाचं.

बाईमाणसाला, साठीपुढच्या माणसाला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं, हे कलम १७९ मध्ये आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल, तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार आणि आरोपींची झालेली सुटका, यावरून देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बाईच्या संरक्षणाच्या चर्चेत आजही तेच प्रकरण पहिलं आठवतं.

अर्ज लिहायचा तो असा

ठाण्यात दोघंजण जा. आवाज चढवू नका, पैशांचं बोलणं कोणी काढलं तर त्यात पडू नका. तोंडी विचारून झालं की कागद काढा. टाइप केलेला लागत नाही. मी अशिलांना साधारण असा मजकूर सांगते:

"प्रति, पोलीस निरीक्षक. आज पहाटे साडेपाच वाजता पांढऱ्या जीपमधून आलेल्या चार पोलिसांनी, त्यांपैकी दोघे साध्या वेशात, माझ्या पतींना राहत्या घरातून नेले. कारण सांगितले नाही, कागद दिला नाही. मी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यात हजर आहे. त्यांना अटक केली आहे काय, असल्यास किती वाजता व कोणत्या गुन्ह्यात, आणि सध्या ते कोठे आहेत, हे लेखी कळवावे. त्यांना वकिलांना भेटू द्यावे. त्यांची वैद्यकीय तपासणी करावी. पोलीस ठाण्यातील आजचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे."

दोन प्रती करा. एक बारनिशीत, म्हणजे आवक टपालात, द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि वेळ घ्या. नुसत्या तारखेचा शिक्का मारला तर "साहेब, टाइम पण टाका" असं म्हणा. घेतच नसतील तर वाद घालत बसू नका. ठाण्याबाहेर या, अर्जाचा फोटो काढा, आणि पोलीस ठाणे, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा. वर एक ओळ लिहा: "अमुक वाजता अर्ज देऊ केला, स्वीकारला नाही." जवळच्या पोस्टातून स्पीड पोस्टही करा. ई-मेलला उत्तर येणार नाही कदाचित. तो गेल्याची वेळ मात्र कोणाला खोडता येत नाही.

तुम्ही जे मागताय ते उपकार म्हणून नाही. पश्चिम बंगालमधल्या विधी सेवा संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली आणि १८ डिसेंबर १९९६ ला अकरा सूचना दिल्या: पोलिसाच्या छातीवर वाचता येईल अशी नावाची पट्टी, अटकेच्या वेळीच तयार केलेला अटकेचा मेमो, त्यावर घरच्या किंवा गावातल्या साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट. त्यातलं बहुतेक आता संहितेच्या कलम ३६ ते ३८, ४८ आणि ५३ मध्ये आलंय. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची माहिती ठेवणारा नेमलेला अधिकारी असतो आणि ती माहिती ठाण्यात दिसेल अशी लावायची असते. "कलम ३७ खालची माहिती द्या" एवढं म्हटलं तरी बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या अपघात प्रकरणातून आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यायची, मग गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो. त्या क्षणी लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी, म्हणजे पुढची कोठडी मागण्यासाठी, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यायचा. गुन्ह्याचं कलम लिहिलं म्हणजे कारण दिलं असं होत नाही. याच माणसाला का धरलं ते त्यात हवं. हा कागद मागून घ्या आणि कोणत्या वेळी मिळाला ते त्यावरच पेनाने लिहा.

वकील नाही, पैसे नाहीत

१५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाचा दाखला आणा असं कोणी म्हणालं तर कोठडीतल्या माणसासाठी तो लागत नाही हे सांगा. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसता मात्र येत नाही. कोऱ्या कागदावर सही नाही, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, या दोन गोष्टी आत असलेल्या माणसापर्यंत पहिल्या भेटीतच पोचवायच्या असतात. रात्रभर बसवून जबाब घेतला असेल तर तेही नोंदवा. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ईडीच्या रात्रीच्या चौकशीबद्दल बजावलंय.

मॅजिस्ट्रेटपुढची दोन मिनिटं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे मी जरा थांबते.

अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे आणावंच लागतं. रविवार असला तरी. सुट्टीच्या दिवशी कोणत्या मॅजिस्ट्रेटकडे रिमांडचं काम आहे ते आदल्या संध्याकाळी कोर्टाच्या शिपायाकडून किंवा वकिलाकडून कळतं. ते विचारून ठेवा आणि तिथे आधी जाऊन उभे राहा.

आरोपी आत येतो. साहेब नाव विचारतात आणि मग विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे दोन हवालदार उभे असतात, ज्यांच्या ताब्यात त्याला पुन्हा जायचंय. तो मान हलवतो: नाही. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, ओळ पडते की आरोपीची मारहाणीची तक्रार नाही. पुढे वर्षभर तुम्ही आयोगाकडे जा, उच्च न्यायालयात जा, सरकारी वकील ती एक ओळ काढून दाखवतात.

म्हणून आधीची भेट मिळाली तर माणसाला एवढंच सांगा: साहेबांनी विचारलं की बोलायचं, आणि न विचारताही बोलायचं. भाषण नको, तीन गोष्टी पुरे. मला अमुक दिवशी अमुक वाजता घरातून आणलं. मला इथे इथे मारलं. मला सरकारी डॉक्टरकडे पाठवा. मारणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर वर्णन. शर्ट वर करून दाखवता येत असेल तर दाखवायचं. १९८३ च्या शीला बरसे निकालात, जो मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांबद्दल एका पत्रकार बाईने लिहिलेल्या पत्रातून आला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मारहाणीची तक्रार आहे का आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारायचं आणि सांगायचं.

वकील असेल तर हे तोंडी सोडू नये. हाताने लिहिलेला एक पानी अर्ज द्यावा: वेळेचा फरक, ११२ चा फोन, ठाण्यात दिलेला अर्ज, दिसणाऱ्या जखमा, तपासणीची मागणी, सीसीटीव्ही जतन करण्याचे आदेश. अर्ज दिला की त्यावर काही ना काही आदेश होतो, आणि नाकारलेला आदेशही वर जाताना उपयोगी पडतो. त्याच दिवशी रोजनामा, रिमांड रिपोर्ट आणि आदेशाच्या नकलेचा अर्ज करा.

पोलीस कोठडीला सगळे पीसीआर म्हणतात आणि न्यायालयीन कोठडीला, म्हणजे तुरुंगात ठेवण्याला, एमसीआर. मारहाणीची भीती असेल तर तुमचा जोर पीसीआर टाळण्यावर हवा. जामिनाचं पुढे बघता येतं.

डॉक्टरपुढे

कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासायचं असतं, जखमा आणि त्या साधारण केव्हाच्या हे लिहायचं असतं, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. प्रत मिळते हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. बसू निकालाप्रमाणे कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी.

प्रत्यक्षात काय होतं? हवालदार मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, घेऊन ग्रामीण रुग्णालयात जातो, दारात उभा राहतो, डॉक्टर विचारतात "काही त्रास?", आणि कागद होतो. आरोपीने डॉक्टरांना सांगावं की पोलिसांना बाहेर थांबायला सांगा. कुठे, कशाने, केव्हा मारलं हे सांगावं आणि "लिहून घ्या" असं म्हणावं. तळपायावर पट्ट्याने मारलं असेल तर कातडी फाटत नाही, सूज काही दिवसांत उतरते, आणि फोटोत फारसं काही दिसत नाही. अशा वेळी चालताना होणारा त्रास, दाबल्यावर दुखणं, दोन्ही पायांतला फरक हे डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं असणं हाच पुरावा असतो. तुरुंगात पाठवलं गेलं तर तिथल्या डॉक्टरकडे प्रवेशाच्या वेळीही हेच परत सांगायचं. दोन डॉक्टरांच्या नोंदी जुळल्या की त्या मोडायला अवघड जातात. सुटून घरी आला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

कॅमेरे

२ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे सक्तीचे केले. आत येण्याचा रस्ता, लॉकअप, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे, आवाजासह. चित्रण अठरा महिने ठेवायचं, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष राहील अशी यंत्रणा घ्यायची. हक्क मोडला गेला असेल तर ते जतन करून मागण्याचा अधिकार पीडिताला आहे, असा फलकही ठाण्यात लावायचाय. सगळीकडे कॅमेरे चालू नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. म्हणून वर्षाच्या भरवशावर राहू नका. त्याच आठवड्यात अधीक्षकांना पत्र द्या, तारीख आणि कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचं चित्रण हवं ते लिहा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. माणूस कोठडीत असतानाच अर्ज देत असाल तर कलम ७(१) चा उल्लेख करा. जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. तपासाचं कारण सांगून नाकारतील कदाचित. तरी "कॅमेरा त्या दिवशी चालू होता की बंद" हा प्रश्न विचाराच. "बंद होता" असं लेखी आलं तरी तो तुमच्या फाइलमधला महत्त्वाचा कागद होतो.

आयोगाकडे कधी, कसं

महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत सीएसएमटी स्थानकासमोर हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ खाली तो स्थापन झाला आणि २००१ पासून काम करतोय. फी नाही, वकील लागत नाही, पोस्टाने तक्रार पाठवता येते, मराठीत लिहिता येते. घटनेपासून एक वर्ष उलटलं की आयोग तक्रार घेत नाही, ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. राष्ट्रीय आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण एकच तक्रार दोन्हीकडे टाकू नका. एका ठिकाणी ती चालू असेल तर दुसरा आयोग हात घालत नाही.

तक्रार फेटाळली जाते ती बहुतेकदा लिहिण्याच्या पद्धतीमुळे. "माझ्या भावावर खोटा गुन्हा दाखल केला, तो रद्द करा" असं लिहिलं की आयोग म्हणणार, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, कोर्टात जा. जमिनीच्या वादातून प्रकरण घडलं असेल तर तक्रारीत जमिनीचा गट नंबर आणि हिस्सेवाटणी आणू नका. नाहीतर तो दिवाणी वाद ठरतो. फक्त एवढंच लिहा: अमुक वाजता नेलं, अमुक वाजता कोर्टात आणलं, मधल्या काळात काय झालं, कोणी केलं, पुरावा काय. तारीखवार, दीड-दोन पानांत, सोबत झेरॉक्स. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: चौकशी, नुकसानभरपाई, दोषींवर कारवाई, तातडीची मदत.

आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. शेवटी तो शिफारस करतो, तीही सरकारला. म्हणून काही वकील म्हणतात, आयोगात जाऊन उपयोग नाही. मला ते पटत नाही. ज्या घराला मुंबईच्या वकिलाची फी परवडत नाही, त्या घरासाठी ठाण्याकडून लेखी खुलासा मागवणारी ही एक फुकटची जागा आहे, आणि त्या खुलाशात पोलीस जे लिहितात त्याला ते पुढे बांधले जातात.

पोलिसांविरुद्ध गुन्हाच नोंदवायचा असेल तर आधी ठाणं, मग अधीक्षकांना लेखी, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, असा रस्ता आहे. कबुलीसाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

उच्च न्यायालय

चोवीस तास उलटले, माणूस कुठे आहे कळत नाही, कोर्टातही आणला नाही, तर वाट बघत बसू नका. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी याचिका, घरातलं किंवा ओळखीचं कोणीही करू शकतं. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. सकाळी तातडीचं म्हणून सांगता येतं. बरेचदा याचिका दाखल होतेय असं कळताच माणूस कागदावर येतो. मात्र मॅजिस्ट्रेटने रिमांड दिला की ही याचिका सहसा चालत नाही. मग जामीन, किंवा अटक बेकायदा ठरवण्याची रिट याचिका हे मार्ग उरतात.

नुकसानभरपाईही इथे मागता येते. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगात ठेवलेल्या रुदुल शाहला १९८३ मध्ये एकूण पस्तीस हजार रुपये मिळाले. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईला, जिचा बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मेलेला सापडला, १९९३ मध्ये दीड लाख मिळाले. तिनेही न्यायालयाला फक्त पत्र लिहिलं होतं. भारताने १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला तेव्हा बेकायदा अटकेच्या भरपाईचं कलम मात्र आम्हाला बांधणार नाही, अशी अट घातली होती. त्या अटीत आता अर्थ उरलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बसू निकालात सांगून टाकलं. हुकूम बजावत होतो, राज्याला भरपाई लागू नाही, हा बचाव या मागणीपुढे टिकत नाही. रकमेबद्दल मोठी आशा देणार नाही, पण मागणी कराच.

कोठडीत जीव गेला तर

हे लिहायला नको वाटतं, तरी लिहिते, कारण त्या दिवशी घरात विचार करायला कोणी शुद्धीवर नसतं.

कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी, पोलीस तपासाखेरीज, न्यायदंडाधिकाऱ्याने, म्हणजे मॅजिस्ट्रेटने, करायची असते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून त्या चौकशीत हजर राहू द्यायचं असतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवण्याची सूचना १९९३ पासून आहे, आणि शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हायला हवं. तुम्ही काय करायचं? इन्क्वेस्ट पंचनाम्यावर, म्हणजे मृतदेहाच्या पंचनाम्यावर, न वाचता सही करू नका, आणि दिसलेली जखम त्यात लिहिलेली नसेल तर सहीजवळच तसं लिहा. शवविच्छेदनाचं चित्रीकरण आणि अहवालाची प्रत लेखी मागा. अंत्यविधी लवकर उरका म्हणून गावातली वजनदार माणसं सांगायला येतील. शंका असेल आणि तुमच्या रिवाजात बसत असेल तर दहन न करता दफन करा, कारण दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी त्यानंतरही करता येते.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मरण पावलेल्या तरुणाची आई याच वाटेने उच्च न्यायालयात गेली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल होता, शवविच्छेदनाचा अहवाल होता. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिला अर्ज त्या चौकशी करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नावाने लिहा: आमचा जबाब घ्या, सोबत पहिल्या दिवसापासूनचे आमचे कागद जोडत आहोत.